पटकथालेखक व्हायचंय, गावाकडून सुरुवात कशी करावी?

बालाघाटची
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. कॉलेजात असताना युवक महोत्सवासाठी एकांकिका लिहिल्या, त्या बऱ्यापैकी गाजल्या. आता एक पूर्ण लांबीची मराठी पटकथा लिहून झालीय. विषय ऊसतोडीचा. आमच्या भावकीतली माणसं अजूनही हंगामाला जातात, त्यामुळे फड, कोपी (तिथली झोपडी), टोळी नेणारा मुकादम, त्याच्याकडून आगाऊ घेतलेली उचल यातलं काहीच मी ऐकीव लिहिलेलं नाही.

पण ही पटकथा घेऊन आता जायचं कुठे? या क्षेत्रात माझी एकाचीही ओळख नाही. मुंबईला गेल्याशिवाय काहीच होत नाही का? नोकरी सोडावी का? एखादा कोर्स करावा का? मालिकांपासून सुरुवात करावी की सिनेमाच धरून बसावं? आणि कथा चोरीला जाते म्हणतात, त्याचं काय? ज्यांनी काम केलंय त्यांनी मोकळेपणाने लिहा. कडू असलं तरी चालेल.

निम्मा_पुणेकर
स्वागत! आधी एक सांगा, पटकथा किती पानांची आहे आणि तुमच्याशिवाय कुणी वाचलीय का?

बालाघाटची
१६८ पानं. नवऱ्याने आणि कॉलेजातल्या एका मॅडमनी वाचली. दोघांनाही आवडली.

निम्मा_पुणेकर
नीट मांडणी केलेल्या एका पानाला साधारण एक मिनिट धरतात. म्हणजे तुमचा सिनेमा पावणेतीन तासांच्याही पुढे गेला. नवीन लेखकाची पटकथा हातात आली की वाचणारा आधी शेवटचं पान उलटून आकडा बघतो. ११० ते १२० वर आणा. दुसरं म्हणजे, नवरा आणि मैत्रीण सोडून अशा माणसाला द्या ज्याला तुम्हाला वाईट वाटेल याची फिकीर नाही. ‘कुठे कंटाळा आला तिथे पेन्सिलने फुली मारा’ एवढंच सांगायचं. तिघांनी एकाच पानावर फुली मारली तर त्या पानात गडबड आहे.

खारी_बिस्किट
आमच्या एका काकांकडे तीस वर्षांपासून एक सुपरहिट सिनेमाची कथा आहे. चोरीला जाईल म्हणून त्यांनी ती काकूंनाही सांगितलेली नाही. ताई, तुम्ही निदान दोघांना तरी वाचायला दिलीत, तुम्ही काकांच्या पुढे आहात.

तिसरी_घंटा
ताई, मी नाटकातून मालिकांकडे आलो, आता दोन्ही करतो. सविस्तर लिहितो.

मराठीत लेखकाला काम देणारी माणसं जाहिरात देत नाहीत. ती एकमेकांना फोन करतात. ‘अरे, संवाद लिहिणारं कुणी आहे का? वेळेवर देणारं हवं.’ त्या फोनवर तुमचं नाव निघायला हवं. नाव कुठून निघतं? ज्यांच्याबरोबर तुम्ही तालमी केल्यात त्यांच्या तोंडून. पुण्याची पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. मुंबईत सवाई आहे, आयएनटी आहे. शिवाय राज्य नाट्य स्पर्धा आहे, तिची केंद्रं राज्यभर असतात. या स्पर्धांत बक्षीस मिळो न मिळो, तुमच्या एकांकिकेचा दिग्दर्शक पुढे कुठल्यातरी मालिकेत सहायक दिग्दर्शक होतो, प्रकाशयोजना करणारा कॅमेरामनचा असिस्टंट होतो, आणि नटी चॅनेलच्या ऑडिशनला जाते. पाच वर्षांनी हीच माणसं फोन करतात. तुम्ही युवक महोत्सव केलेत म्हणजे तुमच्याकडे अशी माणसं आहेत. ‘एकाचीही ओळख नाही’ म्हणालात, तर जरा आठवून बघा. तुमच्या त्या एकांकिकेतलं कोण आज काय करतंय?

आता मालिका. बाहेरच्यांना वाटतं एकच लेखक सगळं लिहितो. श्रेयनामावली नीट वाचा. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. नवीन माणूस बहुतेक वेळा संवादातून आत येतो. आधी ट्रायल सीन मागतात. पटकथाकाराकडून दृश्यांची यादी येते, प्रत्येक दृश्यात काय घडतं ते चार-पाच ओळींत दिलेलं असतं. त्याचे संवाद तुम्ही करायचे. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता बावीसेक मिनिटांचा मजकूर लागतो, आणि तो रोज लागतो.

एक प्रसंग सांगतो. संध्याकाळी सात वाजता सेटवरून फोन येतो. सासूचं काम करणाऱ्या बाईंना ताप आहे, उद्या त्या नाहीत. हॉलचा सेटही उद्या मिळणार नाही, स्वयंपाकघर आणि जिना एवढंच आहे. उद्याच्या चार दृश्यांत सासू आहे. रात्री अकरापर्यंत चारही नवीन हवीत, कारण सकाळी नऊची शिफ्ट आहे. मग सासूचं बोलणं फोनवर आणायचं की मोलकरणीच्या तोंडी निरोप द्यायचा, हॉलमधलं भांडण जिन्यावर घ्यायचं तर घरातले बाकीचे ते ऐकतील, मग ते ऐकणं पुढच्या भागात कसं वापरायचं, हा सगळा विचार दोन तासांत करावा लागतो. मी जे काही शिकलो ते असल्या रात्रींनीच शिकवलं.

रानपाखरू
घंटाकाका, आदर राखून पूर्ण असहमत. असल्या रात्री लिहून हात तयार होतो हे खरं, पण कशासाठी तयार होतो? गुरुवारी टीआरपी आला की कथेचा ट्रॅक फिरवायचा. प्रत्येक दृश्याच्या शेवटी धक्का द्यायचा आणि तिघांच्या चेहऱ्यावर कॅमेरा फिरवायचा. जे चेहऱ्यावर दिसतंय तेच पुन्हा तोंडाने बोलायचं, कारण प्रेक्षक भाजी निवडता निवडता ऐकतोय. माझ्या ओळखीतली चार हुशार पोरं ‘एक वर्ष मालिका करतो, पैसे साठवतो आणि मग सिनेमा लिहितो’ म्हणत गेली. दहा वर्षं झाली, एकाचाही सिनेमा लिहून झालेला नाही. ताई, तुमच्याकडे नोकरी आहे. मालिकेच्या वाटेला जाऊ नका. सिनेमाच लिहा आणि सुट्टीत लिहा.

संवादिनी
मी मालिकाच लिहिते आणि मला त्याची लाज वाटत नाही. रानपाखरू, भाजी निवडत ऐकणाऱ्या बाईसाठी लिहिणं कमी दर्जाचं का? माझी आई तशीच ऐकते आणि एखादं पात्र खोटं बोललं की लगेच ओळखते. आपल्या भागाला रोज प्रेक्षक मिळतो हे सुख सिनेमावाल्यांच्या वाट्याला येत नाही.

पण तुमचा अर्धा मुद्दा मान्य. मालिका चालू असताना दुसरं काही लिहायला डोकंच उरत नाही. म्हणून ताई, मालिकेत यायचंच तर दोन मालिकांच्या मधल्या रिकाम्या महिन्यांत स्वतःचं लिहायची शिस्त पहिल्यापासून लावा.

पैशांचं कुणी बोललं नाही म्हणून मी बोलते. भाग प्रसारित झाल्यावर पैसे यायला नव्वद दिवस लागणं ही मालिकांतली नेहमीची रीत आहे. म्हणजे आज काम सुरू केलंत तर पहिला पैसा हातात यायला चार-पाच महिने धरा. त्यातून दहा टक्के टीडीएस कापला जातो, तो तुमच्या करापेक्षा जास्त झाला तर विवरणपत्र भरून परत मागता येतो. मुंबईत खोली घेऊन राहायचं तर एवढे महिने तग धरायची सोय आधी करा. एका निर्मितीसंस्थेने मालिका बंद पडल्यावर माझे शेवटचे पैसे अडकवले होते. युनियनच्या तंटा समितीकडे गेले तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘लेखी काय आहे?’ माझ्याकडे करार होता, प्रत्येक भाग पाठवल्याची मेल होती. पैसे मिळाले. माझ्याच बरोबरच्या मुलीने सगळं व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोटवर ठरवलं होतं. ती अजून वाट बघतेय.

बालाघाटची
सगळ्यांचे आभार. मालिकेचा वाद वाचून दोन्ही बाजू पटल्या! संवादिनीताई, युनियन म्हणजे नेमकी कुठली? आणि चोरीचं कुणी सांगेल का?

बारमाही_वकील
हा माझा प्रांत. तीन गोष्टी मनात वेगवेगळ्या ठेवा.

नुसत्या कल्पनेवर कुणाचाही कॉपीराइट नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे स्पष्ट केलं. आनंद यांचं ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक होतं, प्रांतवादावरचं. त्यावरून ‘न्यू दिल्ली’ हा सिनेमा उचलला असा त्यांचा दावा होता. न्यायालय म्हणालं, विषय आणि कल्पना कुणाच्या मालकीच्या नसतात. संरक्षण असतं ते मांडणीला, म्हणजे तुमची पात्रं, प्रसंगांची गुंफण आणि संवाद यांना. दोन्ही कृती पाहून सामान्य प्रेक्षकाला ‘ही तर नक्कल’ असं वाटलं पाहिजे. आनंद तो खटला हरले. तेव्हा ‘ऊसतोडीवर सिनेमा’ ही कल्पना तुमची एकटीची होऊच शकत नाही. १२० पानांची पटकथा मात्र तुमचीच.

दुसरी गोष्ट नोंदणीची. कॉपीराइट लिहिल्याक्षणी निर्माण होतो, नोंदणी हा तारखेचा पुरावा. युनियन म्हणजे अंधेरीची स्क्रीनरायटर्स असोसिएशन, पूर्वीची फिल्म रायटर्स असोसिएशन. सदस्य झालात की घरबसल्या ऑनलाइन नोंदणी करता येते, बीडहून मुंबईला जायची गरज नाही. दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयातही अर्ज करता येतो. साहित्यकृतीची फी ५०० रुपये, आणि अर्जानंतर हरकतींसाठी तीस दिवस थांबावं लागतं. माझा सल्ला असा की युनियनमध्ये नोंदवा, आणि मोठा बदल केलात की नवीन खर्डा पुन्हा नोंदवा. भेटीनंतर ‘आज आपण अमुक पटकथेबद्दल बोललो, सोबत प्रत जोडली आहे’ एवढी दोन ओळींची मेल टाका. कोर्टात असल्या मेलचा फार उपयोग होतो.

तिसरी गोष्ट करार, आणि खरं नुकसान इथे होतं. चोरी झालेले लेखक मी थोडे पाहिलेत, पण न वाचता सही केलेले खूप. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ वाचा. हक्क किती काळासाठी दिले हे करारात लिहिलंच नसेल तर पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरले नाहीत तर ते तुमच्याकडे परत येतात, पण ‘करारात वेगळं नमूद नसेल तर’ या अटीवर. प्रत्यक्षात बहुतेक करारांत वेगळं नमूद असतंच: जगभर, कायमचे, सर्व माध्यमांत. तिथे थांबायचं आणि विचारायचं. २०१२ च्या दुरुस्तीने एक चांगलं केलं. चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून इतर वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला लेखकाचा समान वाटा त्याला स्वतःहूनही सोडून देता येत नाही. प्रत्यक्ष वसुली ही वेगळी लढाई आहे, पण निदान कायदा तुमच्या बाजूने उभा आहे.

खारी_बिस्किट
हा प्रतिसाद छापून काकांना देतो.

निम्मा_पुणेकर
वकीलसाहेब, वाचनखूण साठवली. एक शंका: समजा ताईंनी दुसऱ्याच्या कथेवर पटकथा लिहिली तर?

बारमाही_वकील
आधी लेखी परवानगी घ्यायची, मगच लिहायला बसायचं. लेखक वारले असतील तर वारसांची. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क चालतात. हरिभाऊ आपटे, गडकरी, साने गुरुजी यांचं लेखन त्यामुळे आता मुक्त आहे. नवीन लेखकाने चांगल्या कथेचे हक्क घेणं हाही एक मार्ग आहे, बरं का. २००४ चा ‘श्वास’ माधवी घारपुरे यांच्या कथेवरच उभा राहिला आणि थेट राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत गेला.

अंधेरी_लोकल
मी एका निर्मितीसंस्थेत क्रिएटिव्ह विभागात आहे. आमच्या टेबलावर पटकथा आली की तिचं काय होतं ते सांगते.

ओळखपाळख नसताना मेलवर आलेली पूर्ण पटकथा बऱ्याच संस्था उघडतही नाहीत. उद्या त्यांचा तसाच सिनेमा आला आणि कुणी दावा ठोकला तर काय, ही भीती त्यांनाही असते. काही जण आधी रिलीज फॉर्मवर, म्हणजे ‘पुढे दावा करणार नाही’ अशा कागदावर सही मागतात. म्हणून पहिल्या मेलमध्ये पटकथा जोडू नका. तीन-चार ओळींची ओळख, एका वाक्यात सिनेमा आणि ‘आवडल्यास सिनॉप्सिस (कथासार) पाठवते’, बस. बोलावणं आलं तर एक पानाचा आणि पाच-सहा पानांचा असे दोन सिनॉप्सिस तयार हवेत. त्यात शेवट लिहायचा! ‘पुढे काय होतं ते पडद्यावर पाहा’ असं लिहिणारे रोज भेटतात. आम्ही प्रेक्षक नाही, आम्हाला शेवट कळल्याशिवाय निर्णय घेता येत नाही.

पटकथा मागितली तर पहिली दहा पानं नशीब ठरवतात. युनिकोडमध्ये टाइप करा आणि पीडीएफ पाठवा. जुन्या फॉन्टमधली फाइल आमच्याकडे उघडली की नुसते चौकोन आणि चिन्हं दिसतात. मराठीसाठी देवनागरीच ठेवा. हिंदी ओटीटीकडे गेलात तर तिथे वर्णन इंग्रजीत आणि संवाद रोमन लिपीत लिहायची पद्धत आहे, ते तुम्हाला वेगळं करून घ्यावं लागेल.

नॅरेशनची सवय करा. मराठीत आजही बरेच निर्माते आणि नट वाचत नाहीत, ऐकतात. समोर बसून दोन तास सिनेमा सांगता आला पाहिजे. तुम्ही शिक्षिका आहात, पन्नास मुलांचा वर्ग धरून ठेवता, हे तुम्हाला इथल्या निम्म्या लेखकांपेक्षा चांगलं जमेल.

महिनाभराने एक आठवण करा. रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅप करू नका.

संवादिनी
अंधेरी_लोकलच्या यादीत एक भर, ताई. मीटिंग ऑफिसात आणि दिवसा. ‘रात्री घरीच या, निवांत कथा ऐकू’ असं कुणी म्हणालं तर दुसरी वेळ मागायची, आणि नाही मिळाली तर तो सिनेमा आपला नव्हताच. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार समिती असावी लागते. ती आहे का हे विचारायला अजिबात संकोचू नका. चांगली माणसं अशा प्रश्नाने दुखावली जात नाहीत.

मांडवीकाठ
पणजीहून. इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून आमच्याकडे आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच सुमारास नोव्हेंबरात भरणारा एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा फिल्म बाजार लेखकांना फारसा ठाऊक नसतो. तिथे निर्माते, विक्रेते आणि बाहेरच्या महोत्सवांची माणसं प्रकल्प शोधायला येतात. एनएफडीसीची पटकथा लॅबही आहे. ‘द लंचबॉक्स’ त्या लॅबमधून पुढे गेलेला. अर्ज करून निवड झाली तर जाणकार मार्गदर्शक तुमच्या खर्ड्यावर तुमच्याबरोबर काम करतात. ताई, ऊसतोडीचा विषय, तिथलीच लेखिका, अशा अर्जाकडे नक्की लक्ष जाईल. पण अर्ज इंग्रजीत नीट लिहावा लागतो, त्यासाठी कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांना पकडा.

बाजारात नुसतं हिंडायला म्हणून मात्र पहिल्याच वर्षी खर्च करू नका. प्रतिनिधी शुल्क, हॉटेल आणि प्रवास धरून ते महाग पडतं. हातात दुसरा-तिसरा खर्डा आणि सांगायला स्वच्छ सिनॉप्सिस असेल तेव्हाच या. आलात तर फिशकरी माझ्याकडून.

खारी_बिस्किट
फिशकरी फक्त लेखकांना की वाचकांनाही?

मांडवीकाठ
वाचकांना सोलकढी.

हडसनपार
मी न्यूजर्सीत असतो, नोकरी संगणकाची, पण मराठी सिनेमा लिहायची आस जुनी. इथे २०२३ मध्ये लेखकांचा संप १४८ दिवस चालला, २ मे ते २७ सप्टेंबर. एआयने लिहायचं का, स्ट्रीमिंगच्या पैशात लेखकाचा वाटा किती, एका मालिकेला किमान किती लेखक घ्यायचे, या गोष्टी त्यांनी करारात लिहून घेतल्या. आपल्याकडे असं का होत नाही? आणि माझ्यासारख्याने दुरून लिहिणं शक्य आहे का?

बारमाही_वकील
तिथे गिल्डचा, म्हणजे तिथल्या लेखकसंघटनेचा किमान करार सगळ्या मोठ्या स्टुडिओंना बांधतो. आपल्या युनियनचेही किमान मूलभूत करारासाठी वर्षानुवर्षं प्रयत्न चालू आहेत, पण निर्मात्यांच्या संघटनांनी तो एकमुखाने मान्य केलेला नाही. सदस्यसंख्या वाढेल तसा जोर वाढेल, म्हणून नवीन लेखकांना मी पहिल्याच दिवशी सदस्य व्हा सांगतो.

तिसरी_घंटा
हडसनपार, सिनेमा दुरून लिहिता येतो. दैनंदिन मालिका नाही. सातच्या त्या फोनला तुमच्याकडे सकाळचे साडेनऊ वाजलेले असतील आणि तुम्ही ऑफिसच्या मीटिंगमध्ये असाल.

रानपाखरू
कोर्सचा प्रश्न राहिला. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पटकथालेखनाचा अभ्यासक्रम आहे, प्रवेश परीक्षा देऊन जावं लागतं. जमलं तर सोनं, कारण तिथे दिग्दर्शक, कॅमेरामन, संकलक सगळे एकाच आवारात भेटतात. त्यांचे छोटे मुदतीचे कोर्सही असतात, नोकरी सांभाळून तेच बघा. ‘पंधरा दिवसांत लेखक व्हा, चॅनेलमध्ये हमखास काम’ असल्या जाहिरातींना एक रुपयाही देऊ नका. हमखास काम कुणीच देऊ शकत नाही.

आणि कोर्स न करता आलेल्यांची रांग मोठी आहे. विजय तेंडुलकर मुळात नाटककार आणि पत्रकार. त्यांनी लिहिलेला ‘सामना’ १९७५ चा, ‘मंथन’ १९७६ चा. ‘मंथन’च्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तोवर त्यांची नाटकं देशभर पोचली होती. नागराज मंजुळे करमाळ्याकडचे, आधी कवी, मग ‘पिस्तुल्या’ हा लघुपट, त्याला राष्ट्रीय पुरस्कार, आणि पूर्ण लांबीचा सिनेमा त्यानंतर. म्हणून ताई, तुमच्या १६८ पानांतली सगळ्यात जिवंत बारा मिनिटं काढा आणि त्यांचा लघुपट करा. फड तुमच्या दारात आहे. मुंबईवाल्याला तोच उभा करायला लाखो रुपये लागतील.

बालाघाटची
लघुपटाची कल्पना फार आवडली. तिसरी_घंटा दादा, पहिलं दृश्य इथे टाकू का? सांगाल का कसं वाटतं?

‘दृश्य १. उसाचा फड. सकाळ. सुमन ऊस तोडते आहे. ती खूप थकलेली आणि उदास आहे. गेल्या वर्षी बाळ गेल्यापासून तिचं मन कशातच लागत नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल अजून फिटलेली नाही याची तिला सतत काळजी वाटते. तिला आईची आठवण येते.’

तिसरी_घंटा
ताई, हे कथेसाठी ठीक आहे. पटकथेत मी एकच विचारतो: कॅमेऱ्याला यातलं काय दिसेल? ऊस तोडणारी बाई. बाळ गेलं, उचल राहिली, आई आठवली, हे फक्त कागद वाचणाऱ्याला कळतंय. मी असं काहीतरी करेन:

‘दृश्य १. बाह्य. उसाचा फड. पहाट.
अंधार. कोयत्यांचे आवाज. ट्रॅक्टरच्या दिव्यात सुमन (२४) ऊस तोडते आहे. शेजारच्या सरीतली बाई काम थांबवते, पाचटावर निजवलेल्या तान्ह्या बाळाला उचलून पाजायला बसते. सुमन तिकडे बघत नाही. तिचा कोयता आणखी जोरात चालतो.
मुकादम (पडद्याबाहेरून): किती मोळ्या झाल्या गं?
सुमन (न थांबता): मागल्या सालच्या धरून सांगू का औंदाच्या?’

बाळ आणि उचल दोन्ही आलं, आणि कुणी उदास आहे असं म्हणावं लागलं नाही. आईची आठवण मी काढून टाकली, एका दृश्याला एवढं ओझं झेपत नाही.

बालाघाटची
वाचून काटा आला. ती दुसऱ्या बाईची कल्पना मला सुचायला हवी होती, असं दर हंगामात दिसतं. पण दादा, मुकादम मोळ्या मोजत नाही. हिशेब टनावर असतो, त्यामुळे त्याचं सगळं लक्ष गाडी कधी भरते याकडे. तो ‘गाडी भरली का’ एवढंच विचारील. आणि बाळाला पाचटावर उघडं निजवत नाहीत, पाचट कापतं. साडीची झोळी बांधतात, नाहीतर गोधडी अंथरतात.

तिसरी_घंटा
घ्या! हे तुमच्याकडे आहे आणि अंधेरीत कुणाकडेही नाही. मांडणी महिन्याभरात शिकाल. पाचट कापतं हे मला जन्मात कळलं नसतं. आता माझा संवाद फेका आणि तुमच्या गाडीवर नवीन लिहा.

रानपाखरू
काका, या एका मुद्द्यावर तुमच्याशी पूर्ण सहमत. मालिकेवर अजून नाही.

संवादिनी
चालेल, मालिकेसाठी वेगळा धागा काढू.

अंधेरी_लोकल
ताई, मूळ प्रश्नाकडे येते. नोकरी सोडू नका, मुंबईला लगेच येऊ नका. उन्हाळ्याच्या सुट्टीत पटकथा १२० पानांवर आणा, नोंदणी करा, दिवाळीच्या सुट्टीत दोन आठवडे मुंबईला या आणि आधी वेळ घेऊन पाच-सहा जणांना भेटा. त्यासाठी ते एक वाक्य लागेल. इथेच लिहा बघू.

बालाघाटची
‘ऊसतोड कामगार सुमनच्या आयुष्याशी चाललेल्या संघर्षाची आणि जिद्दीची हृदयस्पर्शी कहाणी.’

अंधेरी_लोकल
‘संघर्ष’, ‘जिद्द’ आणि ‘हृदयस्पर्शी’ काढा. सुमनला काय हवंय? कोण अडवतं? ती काय करते?

बालाघाटची
‘गेल्या हंगामात फडातच बाळ गमावलेली सुमन पुन्हा दिवस गेल्याचं कळताच, उचल फिटायच्या आत, मुकादमाला न कळता टोळीतून पळून गाव गाठायचं ठरवते.’

खारी_बिस्किट
तिकीट काढलं.

निम्मा_पुणेकर
एक विचारू? उचल नवरा-बायको दोघांच्या नावावर असते ना, एक कोयता म्हणून? मग ती पळाल्यावर मागे राहिलेल्या नवऱ्याचं काय होतं?

बालाघाटची
मुकादम तिला शोधायला त्यालाच पाठवतो. मध्यंतरानंतरचा सगळा सिनेमा तोच आहे.

अंधेरी_लोकल
मग तो वाक्याबाहेर का ठेवलाय? नवऱ्याला आत घ्या आणि पुन्हा लिहा.